राळेला घाई नसते

१

उस्तादांच्या कवटीला पडलेली खोक इतकी नेमकी गोल होती, की ती पाहताच वजनमापे निरीक्षकांना तिचा व्यास मोजावासा वाटला. आणि पुढच्याच क्षणी तसे वाटल्याची लाज वाटली. ज्या माणसाने चाळीस वर्षे सपाट पत्र्यातून पाने, पक्षी आणि लाटा वर आणल्या, तो आपल्याच तिवईपाशी उपडा पडला होता. रक्त फरशीच्या सांध्यासांध्यांतून वाट काढीत भिंतीपर्यंत गेले होते आणि तिथे काळे पडून थिजले होते.

निरीक्षकांना सगळी बाजारपेठ 'गुंजसाहेब' म्हणे. 'गुंजभर कमी चालणार नाही आणि गुंजभर जास्तही चालणार नाही' हे त्यांचे पालुपद होते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दुकानदार दुकान बंद ठेवणे पसंत करीत. कालच उस्तादांचा निरोप आला होता : "उद्या नऊला या. पाण्यात तोलायचा काटा आणा. कशाला, ते आल्यावर सांगतो." नऊला गुंजसाहेब काटा घेऊन हजर झाले होते, सांगणारा मात्र उरला नव्हता.

"काका, कशाला हात लावू नकोस." फौजदार दारातूनच म्हणाली. ती त्यांची सख्खी पुतणी.

"हात कुठे लावतोय? पाहतोय."

"तुझं पाहणंसुद्धा हात लावल्यासारखंच असतं."

तेवढ्यात पुढच्या शटरवर धोंडा आदळला आणि साऱ्या कारखान्यातले पत्रे एकदम झणझणले. बाहेर दोनशे माणसे उभी होती. "बाहेर काढा त्याला!" "आम्हीच निकाल लावतो!" असा ओरडा चालला होता.

'तो' म्हणजे उस्तादांचा जावई. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याचा सदरा सासऱ्याच्या रक्ताने भरला होता, आणि उजवा हात एका फडक्यात गुंडाळला होता. पोलीस पोचण्यापूर्वी गर्दीने तो हात उंबऱ्यावर धरून दगडाने ठेचला होता. "याच हातानं मारलंस ना?" असे विचारीत, एकेक बोट सुटे धरून. तोही उठावकामाचाच कारागीर. त्याच्या शेजारी उस्तादांची लेक बसली होती, तीही बापाच्याच हाताखाली तयार झालेली कारागीर. ती बापाकडेही पाहत नव्हती, नवऱ्याकडेही पाहत नव्हती. तिचे डोळे हलणाऱ्या शटरवर होते.

"गाडी केव्हा येतेय?" गुंजसाहेबांनी हलकेच विचारले.

"तासाभरानं. आणि हे शटर तासभर टिकायचं नाही. माझ्याकडे दोन शिपाई आहेत, काका. दोनच. बाहेरचे आत आले, तर हा माणूस मेला."

२

जावयाला खुनी ठरविणारा साक्षीदार एकच होता : उस्तादांचा मेहुणा. बहिणीच्या लग्नानंतर तो या घरात आला आणि राहिला. कारखान्याची पुढची बाजू, म्हणजे गिऱ्हाईक, माल आणि गोड बोलणे, त्याने सांभाळली. मागच्या बाजूला, जिथे काजळी, राळ आणि ठोके होते, तिथे त्याचे पाऊल क्वचितच पडे.

"आठाचे टोले पडत होते," तो सांगू लागला. शब्द कुठेही अडत नव्हते. "मी दारात पोचलो तर आत भांडण. मग ठण्णकन् आवाज. धावत आलो, तर याच्या हातात ते वजन! माझ्या देखत यानं ते रक्ताळलेलं वजन त्या काळ्या ओट्यावर ठेवलं. मी ओरडलो नसतो तर पळालाच होता."

"खोटं!" जावई कोपऱ्यातून म्हणाला. "मी आलो तेव्हा ते गार पडले होते. मी डोकं मांडीवर घेतलं फक्त."

"सात चाळीसला रात्रीच्या बसनं उतरलाय," फौजदार काकांच्या कानाशी म्हणाली. "तिकीट आहे, कंडक्टरही ओळखतो. पण स्टँड इथून दहा मिनिटांवर. आठला खून करायला भरपूर वेळ. डॉक्टर म्हणतात पाच ते आठच्या मधला मृत्यू, याहून बारीक विचारू नका."

"तीन तासांची फट! आणि हे शास्त्र म्हणवतं."

"दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांशी भांडून घर सोडलं होतं त्यानं, काका. आज परत आला आणि आजच खून झाला. तूच सांग, मी काय समजू?"

"त्यांनीच पत्र लिहून बोलावलं होतं!" लेक पहिल्यांदाच बोलली. "बाबा म्हणाले, चूक माझी होती, त्याला येऊ दे. मामांना ठाऊक आहे."

मेहुण्याने मान खाली घातली. "पोरी, तुझं दुःख मला कळतंय. नवऱ्यासाठी बायको बोलणारच."

गुंजसाहेबांचे लक्ष मात्र एव्हाना दुसरीकडे गेले होते. भिंतीशी वजनांची लाकडी पेटी उघडी होती आणि तिच्यातला दोन किलोचा कप्पा रिकामा होता. ते वजन, कडीचे, लोखंडी, खाली त्यांच्याच खात्याचा शिक्का असलेले, खोलीच्या मध्यावर एका लांबट काळ्या ओट्यावर उभे होते. कडेला रक्त आणि चार पांढरे केस चिकटले होते.

ते जवळ गेले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

वजन ओट्यावर उभे नव्हते. ते ओट्यात उभे होते.

३

"भट्टीवाले!" गुंजसाहेबांनी हाक मारली.

मागच्या पडवीतून एक वाळका, धुरकटलेला म्हातारा आत आला. उठावकामाला लागणारी राळ शिजवायची हे त्याचे आयुष्यभराचे काम. राळ, विटेची भुकटी आणि तेल एकत्र कढवून लाकडी पेटीत ओततात. गार झाली, की ती दगडासारखी घट्ट होते. तिच्यावर पत्रा बसवून ठोकला, की खालची राळ पत्र्याला तोलून धरते आणि नक्षी उठते. ज्याला मेहुणा 'काळा ओटा' म्हणाला, ती ही राळेची पेटी होती.

"आधी तो बर्नर विझवा. बाहेरून धोंडे येताहेत. उकळती राळ सांडली तर सगळेच जळू. कढई ओल्या वाळूवर उतरवा."

"विझवतो. साडेसहापासून कढवतोय, फुकटच गेली म्हणायची."

"साडेसहापासून इथे आहात? मग आठ वाजता आतलं भांडण ऐकलंत?"

"बर्नर लागला की मला माझा खोकला ऐकू येत नाही, साहेब. आणि मधलं दार आतून बंद. उस्ताद उघडायचे तेव्हाच उघडायचं."

"परवा त्यांनी यांच्या मुस्काटात मारली होती," मेहुणा मधेच म्हणाला. "सगळ्यांसमोर. उगाच आपलं सांगून ठेवतो."

"मारली," म्हातारा शांतपणे म्हणाला. "राळेत तेल जास्त झालं होतं. मीही मारली असती."

"बरं, मला सांगा," गुंजसाहेबांनी पेटीकडे बोट दाखविले, "इथे तुम्ही वजन ठेवाल?"

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू कोणी त्याला पाळण्यात कोळसा ठेवाल का विचारले. "राळेवर? काम संपलं की बोटाएवढी छिन्नीसुद्धा ठेवत नाही आम्ही. बुडते ना! पहिल्या दिवशी पहिली शिकवण हीच. हात मोडला तरी चालेल, राळेवर काही टेकवायचं नाही."

"बुडते?" फौजदार पुढे आली. तिने नखाने पेटीवर टकटक केले. "ही तर दगड आहे."

"दगड वाटते." गुंजसाहेबांच्या आवाजात वादाची धार चढू लागली. "आपण जगाचे दोन वाटे करतो, घन आणि द्रव, आणि समजतो की देवानंच तशी भिंत घातली आहे. राळेला ती भिंत मान्य नाही. घाईनं माराल तर ती दगड. सवडीनं भार द्याल तर ती पाणी. मधापेक्षा लाखो पट दाट, पण पाणीच. ती वाहते. फक्त तिला घाई नसते."

"मग यानं जोरात आपटलं असेल, म्हणून रुतलं," मेहुणा म्हणाला.

गुंजसाहेब फळीकडे वळले. तिच्यावर राळेने भरलेला एक वाडगा होता. त्यांनी तो समोर घेतला, हातोडा उचलला आणि सगळ्या ताकदीनिशी घाव घातला. फाडकन् आवाज झाला. वाडग्यातली राळ काचेसारखी फुटली आणि तिचे धारदार काळे तुकडे भिंतीवर आदळले. एक कपची फौजदारच्या गालाला ओरखडून गेली.

"चार दिवसांची राळ!" भट्टीवाला कळवळला.

"आपटलं असतं तर असं झालं असतं," गुंजसाहेब म्हणाले. "वजनाभोवती एकही तडा नाही. उलट गुळगुळीत ओठ वर आलाय, चिखलात पाय रुतल्यावर येतो तसा. ते आपटलेलं नाही. ते ठेवलंय, आणि बुडत गेलंय." त्यांनी खिशातून व्हर्नियर काढले. "नऊ वाजून दहा मिनिटं. या वजनाची उंची पंच्याहत्तर मिलीमीटर. राळेच्या सपाटीवर दिसतेय बासष्ट पूर्णांक सहा. म्हणजे बुडालंय बारा पूर्णांक चार. लिहून घे."

शटरची खालची पट्टी कर्कश आवाज करीत वाकली. फटीतून एक लोखंडी पहार आत शिरली आणि शोध घेणाऱ्या जिभेसारखी हलू लागली. एका शिपायाने तिच्यावर काठी हाणली.

"आता?" फौजदारने विचारले.

"आता अर्धा तास थांबायचं."

४

"काका, तुला वेड लागलंय!"

"तासभर मागणार होतो. पण माझं माप दशांश मिलीमीटर सांगतं, म्हणून अर्ध्यावर भागवतो. तेवढा वेळ दे मला. पंचवीस मिनिटांचं उत्तर मी देणार नाही."

पुतणीने एकदा त्यांच्याकडे, एकदा जावयाच्या ठेचलेल्या हाताकडे पाहिले. मग तिने रिव्हॉल्व्हर काढले, शटरपाशी गेली आणि छताच्या दिशेने एक गोळी झाडली. बाहेरचा ओरडा कापल्यासारखा थांबला.

"मोजून अर्धा तास," ती मागे न पाहता म्हणाली.

गुंजसाहेबांनी तो वाया घालविला नाही. ज्या कामाला उस्तादांनी बोलावले होते, ते त्यांनी आता विचारून घेतले.

"बाबांच्या हातात आठ दिवस एक चांदीचा पत्रा होता," लेक म्हणाली. तिने तिजोरीतून तो काढला. अर्ध्यावर मोरांची रांग उठली होती. "रोज म्हणायचे, हात सांगतोय ही चांदी नाही. हट्टी आहे, चार ठोक्यांत ताठ होते, कडेला चिरते. पण दिसायला लख्ख. हाताचं कोण ऐकणार? म्हणून म्हणाले, गुंजसाहेबांना बोलावतो."

"पत्रा आणला कोणी?"

तिने मान वळविली. "माल मामाच आणतात."

"मी जसा मिळाला तसा आणला," मेहुणा म्हणाला. "मला काय त्यातलं कळतं?"

गुंजसाहेबांनी काटा मांडला. पत्रा दोऱ्याने टांगला : एक किलो पन्नास ग्रॅम. मग बादली खाली सरकवून तो पाण्यात पूर्ण बुडविला. काटा डुलला, सावरला. बाहेर पुन्हा धोंडे सुरू झाले होते. दर घावाला पाण्यावर वर्तुळे उठत होती, आणि गुंजसाहेब ती शमेपर्यंत चिवटपणे थांबत होते.

"वस्तू पाण्यात बुडवली की ती आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते, आणि तेवढ्याच भारानं हलकी होते. हा पत्रा शुद्ध चांदीचा असता तर बरोबर शंभर ग्रॅमनं हलका झाला असता. झालाय एकशे नऊनं. वजन तेच, पण जागा जास्त व्यापली. म्हणजे आत चांदीहून हलकं काहीतरी आहे. तांबं. जवळजवळ निम्मं. वरून चांदीचा मुलामा."

त्यांनी पत्रा पाण्यातून वर काढला.

"उस्तादांनी मला बोलावल्याचं आणखी कोणाला माहीत होतं?"

"काल रात्री जेवताना सांगितलं त्यांनी," लेक सावकाश म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. "मामा समोरच बसले होते. बाबा त्यांना म्हणाले, सहाला कारखान्यात ये, गुंजसाहेब येण्याआधी दोघंच बोलू."

"मी गेलोच नाही! झोप लागली मला! सातला उठलो!"

"नऊ चाळीस," गुंजसाहेब म्हणाले आणि व्हर्नियर घेऊन पेटीवर वाकले.

५

"साठ पूर्णांक सहा. अर्ध्या तासात दोन मिलीमीटर खाली." त्यांनी पाठ सरळ केली. "वजनाला तोंड नसतं, पण घड्याळ असतं. तासाला चार मिलीमीटर. मी पहिलं माप घेतलं तेव्हा ते बारा पूर्णांक चार बुडालं होतं. भागाकार कर."

"तीन तास आणि थोडं वर," फौजदार पुटपुटली. "नऊ दहातून वजा... सहा वाजून चार मिनिटं."

"आठला ठेवलं असतं तर नऊ दहाला पाच मिलीमीटरही बुडालं नसतं. आणि सहाला हा जावई कुठे होता?"

"बसमध्ये. शंभर किलोमीटर दूर."

"हा पोरखेळ आहे!" मेहुणा ओरडला. "राळ गरम असेल सकाळी! भट्टी पेटलेली होती. मऊ राळेत लवकर बुडालं असेल!"

"शाबास. वाद असाच घालावा." गुंजसाहेब मनापासून खूश झाल्यासारखे दिसले. "पण इथे पाहा. वजनाच्या शेजारीच कालच्या छिन्नीचे ठसे आहेत. केसासारख्या रेघा, कडा अजून तीक्ष्ण. राळ तापून मऊ झाली असती तर आधी या रेघा मिटल्या असत्या. ती तापली नव्हती. उलट पहाट गार होती, म्हणजे तेव्हा बुडणं आत्तापेक्षा मंदच. सहाच्या आधी ठेवलं असेल एक वेळ, नंतर नाही. तुमच्या आक्षेपानं तुमचाच दोर आवळला."

मेहुणा मधल्या दाराकडे एक पाऊल सरकला.

"आता उरतो प्रश्न, ठेवलं कोणी. जावई कारागीर, भट्टीवाले कारागीर, लेक कारागीर. यांच्यापैकी कोणीही, हातात खुनाचं वजन असतानासुद्धा, राळेवर टेकवणार नाही. हात ऐकणारच नाही त्यांचा. फरशीवर टाकावं तर आवाज होईल, म्हणून समोरच्या काळ्या 'ओट्यावर' हळूच ठेवणारा माणूस तो, ज्यानं बावीस वर्षं या घरचं अन्न खाल्लं आणि राळेला एकदाही हात लावला नाही. पेटीला ओटा म्हणणारे इथे तुम्ही एकटेच आहात."

"कोणा कारागिरानं मुद्दाम ठेवलं असेल तर? माझ्यावर आळ यावा म्हणून!"

"तर मग तुम्ही ते आठ वाजता ठेवताना कसं पाहिलंत? जे घडलंच नाही, ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच असतो : ज्याला खरं कधी घडलं ते माहीत असतं."

६

तो इतक्या झटकन् हलला, की शिपाई काठी उचलेपर्यंत मधल्या दारातून पडवीत पोचलाही होता. ओल्या वाळूवर राळेची कढई होती. काळी, तुळतुळीत, आरशासारखी. त्याने तिचा लांब दांडा दोन्ही हातांनी धरला आणि दारात आलेल्या गुंजसाहेबांवर रोखला.

"मागे व्हा! तोंड जाळून टाकीन! त्यांनाही सांगितलं होतं मी, मिटवून टाका, घरातलं घरात राहू दे. पाठ फिरवली माझ्याकडे! म्हणाले, चालता हो!"

"काका, खाली!" फौजदार किंचाळली.

मेहुण्याने कढई उचलली आणि दांडा न सोडता, सर्व बळ एकवटून हिसडली.

काहीच उडाले नाही.

कढई हवेत गेली, राळ मात्र कढईतच राहिली. पस्तीस मिनिटे ओल्या वाळूने तिची उष्णता ओढून घेतली होती. वरून ती अजून द्रवासारखी चमकत होती, आत कणकेसारखी आळली होती. रिकाम्या झोक्याने मेहुण्याचा तोल गेला. तो पाठीवर पडला आणि कढई त्याच्या छातीवर तिरपी झाली. तिच्या काठावरून एक जाड काळी जीभ बाहेर आली, लोंबली, आणि कसलीही घाई न करता त्याच्या उजव्या मनगटावर दुमडून बसली.

पाण्याने भाजले असते तर ते निथळून गेले असते. राळ निथळत नाही. त्याने डाव्या हाताने ती ओरबाडली, तर डावा हातही अडकला. ओढली, तर तिच्याबरोबर कातडी आली. त्याची किंकाळी शटरबाहेरच्या दोनशे माणसांनी ऐकली.

"ओढू नका! सोलून निघाल!" भट्टीवाला धावला आणि टाकीतले पाणी डबड्याडबड्याने त्याच्या हातांवर ओतू लागला. "धीर धरा. हिला घाई चालत नाही."

त्या पाण्याखाली, दात वाजवीत, मेहुण्याने सगळे कबूल केले. फौजदारने ते दोनदा वदवून घेतले. दुसऱ्यांदा शटर हातभर वर करून, बाहेरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग शटर पूर्ण उघडले. कोणी आत घुसले नाही. गर्दी मागून विरघळत गेली, तशी पुढची दहापाच माणसे उघडी पडली. त्यांच्यातला एक रुंद खांद्यांचा हमाल नकळत उंबरा ओलांडून आत आला. उस्तादांच्या अंगावरची चादर, कोपऱ्यातला जावई, त्याच्या हाताचे ओले लाल फडके, सगळे त्याने पाहिले. त्याच्या स्वतःच्या हातात अजून तो दगड होता. त्याची एक बाजू लाल होती.

"उस्तादांनी माझ्या पोरीच्या लग्नात..." तो म्हणाला आणि थांबला.  "मला वाटलं... सगळे म्हणत होते..."

"बोटं जुळतील?" लेकीने गुंजसाहेबांना विचारले. तिने हमालाकडे पाहिलेही नाही.

वादात कधी न अडणारे गुंजसाहेब इथे अडले. "हाडं जुळतात," ते शेवटी म्हणाले. "छिन्नी धरण्याइतकी जुळतील का, याचं माप माझ्याकडे नाही, बाळ."

जावयाने डाव्या हाताने तिचा खांदा धरला. ती उठली, पेटीपाशी गेली आणि ज्या वजनाने तिचा बाप मेला, ते पुराव्यासाठी शिपायाने उपटून घेताना पाहत राहिली. राळेने ते सहजी सोडले नाही. सुटले तेव्हा मागे एक गोल, चकचकीत खळगा उरला, तळाशी तांबूस डाग असलेला.

हमालाला हातातल्या दगडाचे काय करावे कळत नव्हते. बाहेर नेववेना, खाली टाकवेना. इकडेतिकडे पाहत तो पुढे आला, आणि समोरच्या काळ्या, दगडासारख्या दिसणाऱ्या सपाटीवर तो हलकेच ठेवू लागला.

"तिथे नको," उस्तादांची लेक म्हणाली. "राळेवर काही ठेवायचं नसतं. हातातच असू दे."